वाढत्या अंगाची खुर्ची

बॉबीनच्या बापाची नजर म्हणजे टेप होती. गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या चढेपर्यंत त्याचा खांदा, छाती, कंबर या टेलरच्या डोक्यात लिहून झालेली असे. लोक तर सांगत, एकदा सायकलवरून भरधाव चाललेल्या नवरदेवाला त्याने नुसतं बघितलं आणि सूट शिवला. नवरदेवाने तो चालत्या सायकलवरच अंगात चढवला, ब्रेकसुद्धा दाबावा लागला नाही. एका सर्कशीतल्या हत्तीला त्याने पायजमा शिवला होता, तर तो हत्ती पुढे तीन दिवस पाण्यात उतरेना, इस्त्री मोडेल म्हणून. खरंखोटं त्या हत्तीला ठाऊक. पण या माणसाचं माप चुकलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, एवढं मात्र सोळा आणे खरं.

आणि आज तो मापापायीच घामाघूम होऊन बसला होता.

जागा होती खुर्च्यांच्या कारखान्याची पुढची खोली. चाकाच्या खुर्च्या, एकेका मुलाच्या अंगाप्रमाणे बनवलेल्या. भिंतीवर खिळ्यांना लहानमोठी चाकं टांगलेली, कोपऱ्यात फोमच्या लाद्यांची चळत, खाली काळं रबरी जाजम. मागच्या शेडमधून लोखंड कापल्याचा कर्रकर्र आवाज येत होता आणि रबराच्या सोल्युशनचा वास डोक्यात जात होता. टेलरच्या मांडीवर बॉबीन होती. शेजारी बॉबीनची आई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

बॉबीन सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वी संस्थेतून तिला घरी आणली तेव्हा तिचं कागदावर दुसरंच काहीतरी नाव होतं. पण दुकानात मशीनवर बॉबीन भरताना दोरा गरगर फिरू लागला की ही पोरगी अशी खदखदून हसायची, की तेच नाव पडलं. पाय चालत नाहीत, पाठ स्वतःला सावरत नाही, तोंडातून शब्द येत नाही. जीभ टाळूला लावून "टॉक" असा आवाज काढते. एक टॉक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि सलग दहा-बारा म्हणजे आईला शिव्या, असं आई म्हणायची. पोरगी घरची झाली होती, दारची झाली होती, गल्लीची झाली होती. फक्त कोर्टाचा शेवटचा कागद यायचा होता. पुढच्या महिन्यात यायचा होता.

इतके दिवस तिला एका जुन्या बाबागाडीत चिंध्यांची गाठोडी ठासून बसवत. त्यात ती एका अंगावर कलायची. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं होतं, "पाठीचा कणा वाकायला लागलाय. अंगाबरोबरची खुर्ची मिळाली तर थांबेल. नाहीतर ऑपरेशन." नंबर लावून अकरा महिने झाले, तेव्हा आज खुर्ची तयार झाली.

खुर्ची आली ती फिटरमामांनी ढकलत आणली. हे मामा कारखान्यातले सगळ्यांत जुने. हातांवर ठिणग्यांचे काळे ठिपके, मिशा पांढऱ्या, आणि खुर्चीला बोलतात तसं माणसांनाही बोलायची सवय. "चला, चला, सरका सगळे, राणीसाहेबांची गाडी आली!" खुर्ची निळी होती. पाठीला उंच गादी, डोक्याला उशी, छातीला पट्टा, पायांना पाट. बॉबीनने एक लांबलचक टॉक काढला आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नका हो," मामा म्हणाले, "रंग ओला असेल अजून."

टेलरने पोरीला उचलून खुर्चीत ठेवलं. मामांनी पट्टा लावला. मापवाल्या मॅडमनी चष्मा नाकावर घेतला. खुर्च्यांच्या योजनेकडून या बाई यायच्या, मुलांची मापं घ्यायच्या, खुर्ची बसते की नाही बघायच्या आणि सही करायच्या. त्यांच्या सहीशिवाय खुर्ची दाराबाहेर जात नसे.

बॉबीन क्षणभर ताठ बसली. मग हळूच, पिशवीतून तांदूळ सरकावेत तशी, उजवीकडे घसरली. कंबर या कडेला, डोकं त्या कडेला. डाव्या बाजूला गादी आणि पोरगी यांच्यामध्ये मॅडमची मूठ गेली.

त्या मुठीएवढ्या जागेचा धनी कोण, हे टेलरला एकट्याला ठाऊक होतं.

अकरा महिन्यांपूर्वी याच खोलीत माप घ्यायचं होतं. मॅडमचा थंड हात लागला आणि बॉबीनने असा टाहो फोडला, की म्हणे मागच्या शेडमधली वीज गेली. शेवटी मॅडम वैतागून म्हणाल्या, "तुम्ही टेलर ना? घ्या टेप. मापं सांगा, मी लिहिते." टेलरने बापाच्या हाताने माप घेतलं. बसल्यावरची कंबर, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंतची रुंदी, नऊ इंच भरली. आणि तोंडातून निघालं, "अकरा."

त्यात लबाडी नव्हती. वीस वर्षांची सवय होती. लहान पोराचं कापड कुणी अंगाबरोबर शिवतं का? वाढत्या अंगाचं शिवायचं, दोन बोटं जास्त धरायची, म्हणजे पुढचं वर्षही निघतं. गल्लीतल्या सगळ्या पोरांना त्याने असंच वाढवलं होतं. आणि पुन्हा कधी नंबर लागेल कोण जाणे, तोवर पोरगी मोठी होणारच. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. श्वास घेतला हे कुणी बायकोला सांगतं का?

"मामा," मॅडम म्हणाल्या, "ही खुर्ची मापाची नाहीये. पुन्हा घाई केलीत?"

"मी?" मामांच्या मिशा हलल्या. "मॅडम, चाळीस वर्षं झाली."

"चाळीस वर्षांचं नका सांगू, आजचं सांगा. मागच्या महिन्यातही एक खुर्ची परत गेली. आता ही. मला लिहावं लागेल."

टेलर मनात हिशेब मांडू लागला. बोलावं, तर चूक आपली ठरेल, नंबर जाईल, पोरगी पुन्हा चिंध्यांत. गप्प बसावं, तर चोर सोडून संन्याशाला फाशी. तो विचार करत राहिला, आणि तेवढ्यात मामांनी खिशातून पोलादी टेप काढून खुर्चीवर आपटला.

"हे बघा. गादी. अकरा. तुमचा कागद काय म्हणतो?"

मॅडमनी फाईल उघडली. "कंबर... अकरा."

"मग? खुर्ची कागदाबरोबर आहे. पोरगी कागदाबरोबर नाही, त्याला मी काय करू?"

मामांनी सहज म्हटलं, पण मॅडमचा हात फाईलवरच थांबला. त्यांनी आपल्या पिशवीतून टेप काढला, हात एकमेकांवर चोळून गरम केले, खाली गुडघ्यावर बसल्या आणि बॉबीनची कंबर स्वतः मोजली. एकदा. पुन्हा एकदा. बॉबीन या वेळी ओरडली नाही, नुसती बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं टेलरला वाटलं.

"साडेनऊ," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "अकरा महिन्यांत मूल दीड इंच वाढायला हवं होतं की कमी व्हायला हवं होतं?"

आधी दोघांनाही कळलं नाही. मग बॉबीनच्या आईला कळलं.

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही, ताई. घरी काय खाते ती?"

"आमच्याआधी खाते! भरवायला पाऊण तास लागतो, तोवर आमच्या ताटातलं गार होतं. विचारा गल्लीत!"

"मी विचारणार नाही. विचारणारे दुसरे आहेत." मॅडमनी फाईलमधून एक पिवळा कागद काढला. "दत्तक पूर्ण झालेलं नाही ना अजून? अशा मुलाचं अंग उतरलं तर त्याच दिवशी बालकल्याण समितीला कळवावं लागतं. ते बघतील. काही दिवस संस्थेत ठेवून वजन वगैरे करतील. सगळं ठीक असेल तर परत मिळेल."

"परत मिळेल?" आई म्हणाली. "छत्री आहे का ती?"

खुर्ची न्यायला आले होते आणि पोरगीच ठेवून जायची पाळी आली. बॉबीन रात्री कुणाचं बोट धरून झोपते, हे त्या संस्थेत कुणाला ठाऊक? दोन टॉक म्हणजे नाही, हे कोण सांगणार त्यांना?

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. पिवळ्या कागदावर तारीख टाकली. अक्षर सुरेख होतं, त्याचा टेलरला राग आला.

"त्या दिवशीचं वजन कुठंय?" मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या. "रिकामं आहे. हां, मांडीवरून सोडलंच नव्हतं तिला तुम्ही."

"डॉक्टरांकडे असेल की," मामा म्हणाले.

"मागवीन. यायला आठवडा लागतो. हा कागद आजच जातो."

पेन 'कारण' असं लिहिलेल्या ओळीवर टेकलं.

"मॅडम, थांबा." टेलर उठला. "नऊ होती."

"काय नऊ?"

"कंबर. त्या दिवशी. टेपवर नऊ होती, मी अकरा सांगितली."

कर्रकर्र आवाज नेमका तेव्हाच थांबला, त्यामुळे शेवटचे शब्द जरा जास्तच मोठ्याने ऐकू आले.

बॉबीनच्या आईने मान वळवून नवऱ्याकडे असं बघितलं, की त्या नजरेवर चहा उकळला असता. "काय केलंत म्हणालात?"

"वाढतं अंग आहे म्हणून... दोन बोटं..."

"अहो, ती खुर्ची आहे! झबलं आहे का? मग चाकंही दोन जास्त सांगायची होतीत, पुढे-मागे लागली असती! स्वतःच्या पायात घट्ट बूट घालून फिरता आणि पोरीला..." तिने पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मला तरी सांगायचंत."

मामा मिशीत खोकले, की हसले, ते कळलं नाही. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"टेलरसाहेब, तुम्ही वाईट माणूस दिसत नाही. पण अंग उतरलं की सगळे आईबाप हेच म्हणतात. मापच चुकलं होतं, काटाच खोटा होता. गेल्या वर्षी एकाचं ऐकलं मी. ऐकायला नको होतं." त्यांनी पेन पुन्हा हातात घेतलं. "तुमच्या तोंडाशिवाय दुसरं काही आहे?"

आता आली का पंचाईत! हात दाखवून अवलक्षण ते हेच. ज्या माणसाचा शब्द म्हणजे माप, त्याचा शब्द आज कवडीमोलाचा, आणि तोही त्याच्याच तोंडाने झालेला. टेलरने खिसे चाचपले, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. खडूचा तुकडा निघाला. तो त्याने परत ठेवला.

आणि मग त्याची नजर पोरीच्या फ्रॉकवर गेली.

"अगं, तिला जरा पुढे धर," तो बायकोला म्हणाला. त्याने गुडघे टेकले, बॉबीनचा डावा हात हलकेच वर केला, आणि काखेखालची शिवण उलटी करून धरली. "मॅडम, या. इथे बघा. चष्म्यातून बघा."

पिवळ्या सुती फ्रॉकच्या आतल्या बाजूला, शिवणीला समांतर, बारीक भोकांच्या रांगा होत्या. सुई काढून घेतली तरी कापड विसरत नाही, तशा. एक रांग, तिच्या बाहेर पावबोटावर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी, आणि मग आजची शिवण.

"हा फ्रॉक मी घालूनच तिला इथे आणली होती तेव्हा. म्हणजे तिला घालून," टेलरची गडबड उडाली, पण कुणी हसलं नाही. "ही पहिली रांग, त्या दिवसाची. मग हिवाळ्यात काखेत काचायला लागला, ही उसवली, इथे घातली. मग ही. ही चौथी गेल्या आठवड्यातली, दोरा बघा, नवा आहे, रंग जुळला नाही, त्यावरून घरात दोन दिवस ऐकलंय मी."

"तीन दिवस," बॉबीनची आई म्हणाली.

"मॅडम, उतरत्या अंगाची शिवण आत जाते. ही बाहेर आलीय. तीन वेळा. टेप तुमचाच लावा."

मॅडमनी टेप लावला. पहिल्या रांगेपासून आजच्या शिवणीपर्यंत. मग उजव्या काखेत तसंच. आकडे कागदाच्या कोपऱ्यात मांडले. मागे उभ्या मामांनी फाईलमध्ये डोकावून एक काळं बोट टेकवलं.

"मॅडम, मांडीची लांबी काय लिहिलीय?"

"अकरा."

"लांबी वाढवून सांगितलीत का हो, टेलरभाऊ?"

"नाही. बैठक पुढे ओढता येते, असं तुम्हीच म्हणाला होतात. मग कशाला वाढवू?"

मॅडमनी मांडी मोजली. गुडघ्याच्या मागे टेप धरून, दोनदा. "साडेअकरा," त्या म्हणाल्या.

"उपाशी पोर लांब होतं का कधी?" मामा म्हणाले.

मॅडमनी पिवळा कागद लगेच फाडला असता तर गोष्ट किती गोड झाली असती! त्यांनी फाडला नाही. आकडे पुन्हा एकदा जुळवले. मग त्यावर तिरपी रेघ मारली, खाली 'रद्द' लिहिलं, आणि आपली सही केली. "फाडता येत नाहीत, नंबर असतात," त्या म्हणाल्या. मग दुसरा, पांढरा कागद घेतला. "त्या दिवशी टेप तुमच्या हातात देण्याची चूक माझी. ती मी लिहिते. खोटं माप सांगितलंत, ते तुम्ही लिहायचं. पण खुर्चीचं काय? ही मी पास करू शकत नाही. आणि परत पाठवली तर पुन्हा अकरा महिने."

बॉबीनची आई खाली जाजमावरच बसली. "अकरा महिने तिची पाठ थांबणारेय का?"

सगळे मामांकडे बघू लागले. मामा खुर्चीकडे. त्यांनी तिला एक फेरी मारली, खाली वाकून आडव्या दांड्या बघितल्या, एका बोल्टवर नख वाजवलं.

"टेलरभाऊ, तुम्हाला काय वाटतं, वाढत्या अंगाची अक्कल जगात तुम्हालाच? या दांडीला पुढची भोकं पाडलेली आहेत. पोर वाढलं की बोल्ट काढायचा, पुढच्या भोकात टाकायचा. आम्हीही दोन बोटं ठेवतो."

"मग मी ठेवलेली..."

"ती दोनावर दोन. चार बोटं झाली. हिची नातवंडंसुद्धा बसतील यात." मामांनी दांडी ठोकली. "बाहेर जाते. आत येत नाही. लोखंड उसवता येत नाही, भाऊ." मग त्यांनी कोपऱ्यातल्या फोमकडे बघितलं. "पण दोन्ही अंगांना पाऊण-पाऊण इंच भरता येईल. घट्ट फोम, मागून पट्टी मारून. छातीच्या बाजूच्या गाद्या वाकवून आत घेतो. फक्त गवसणी पाहिजे, नाहीतर फोम कातडीला घासतो. आमचा शिवणारा गावाला गेलाय, गुरुवारी येतो."

"गुरुवारी मी दुसऱ्या केंद्रावर असते," मॅडम म्हणाल्या. "महिनाभर."

"मशीन कुठंय?" टेलरने विचारलं.

मशीन शेडमध्ये होतं, कातडी शिवायचं, म्हशीसारखं काळं आणि म्हशीसारखंच हट्टी. चिंधीवर घालून बघितलेल्या पहिल्या दोन टाक्यांतच त्याने सुई मोडली. पोरीला घेऊन दारात उभ्या बायकोकडे टेलरने बघितलं नाही. नवी सुई घातली. मामांनी फोम कापून दिला, त्याने निळ्या रेक्झिनवर खडूने आखलं, आणि कात्री हातात घेतली. त्याची बोटं खडूच्या रेघेच्या बाहेर जायला लागली. नेहमीसारखी. अर्धं बोट, नुसतं अर्धं, कोण बघतंय?

त्याने कात्री मागे घेतली, रेघेवर ठेवली, आणि कापलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने लहान पोराचं कापड अंगाबरोबर कापलं. असं वाटलं, की आपल्याला उघड्या अंगाने खिडकीत उभं केलंय कुणीतरी.

अर्ध्या तासात दोन गवसण्या झाल्या. मामांनी पट्ट्या मारल्या, छातीच्या गाद्या वाकवल्या. टेलरने बॉबीनला पुन्हा उचलून खुर्चीत ठेवलं. पट्टा लागला.

"पंधरा मिनिटं," मॅडम मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाल्या. "घसरायला नको. नंतर मी कातडी बघणार, कुठे लाल वळ नको. कुणीही हात लावायचा नाही."

पाच मिनिटं बॉबीन समोरच्या भिंतीवरची चाकं मोजत असल्यासारखी बसली. आईचे ओठ हलत होते. सातव्या मिनिटाला मागे कर्रकर्र सुरू झालं आणि पोरगी दचकली, पण जागची हलली नाही. नवव्या मिनिटाला मामा चहाचं विचारायला गेले आणि विचारायचं विसरून दारातच उभे राहिले.

अकराव्या मिनिटाला ती कलली. उजवीकडेच. खांदा गादीवरून पुढे आला, डोकं खाली गेलं. टेलर अर्धा उठला.

"हात नाही," मॅडम म्हणाल्या. पेन त्यांच्या हातात होतं.

बाबागाडीत ती एकदा कलली की कलली. कुणी उचलेपर्यंत तशीच, कधी तोंडातून लाळ गळत, कधी न रडता. टेलरने बसायचंही सोडलं आणि उभं राहायचंही, मधल्यामध्ये गुडघे वाकवून राहिला. बायकोची नखं त्याच्या मनगटात रुतली होती.

बॉबीनचं डोकं आणखी थोडं खाली गेलं. पण खाली नव्या गवसणीची कड होती. कमरेला ती आणि बरगडीला मामांनी वाकवलेली गादी, दोन्हींनी पोरीला धरून ठेवलं होतं. आणि त्या दोन्हींना रेटा देऊन, मान थरथरवत, कपाळावर शीर फुगवून, बोटभर, मग आणखी बोटभर, ती वर यायला लागली. मध्ये थांबली. नाकाने फुसफुस श्वास घेतला. पुन्हा आली.

वर आली. एकटी. आणि समोर वाकून उभ्या बापाकडे बघून तिने एक टॉक काढला.

मॅडमनी पंधरा मिनिटं पूर्ण होऊ दिली. मग फ्रॉक वर करून कंबर, बरगड्या, मांड्या नीट बघितल्या. कुठे वळ नव्हता. त्यांनी खुर्चीच्या कागदावर सही केली, आणि पांढरा कागद टेलरपुढे सरकवला.

"इथे सही. आणि त्याखाली हे स्वतःच्या हाताने लिहा, की पुढच्या मापाच्या वेळी टेपला हात लावणार नाही."

टेलरने लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली.

"त्यांच्या खाली मीही सही करते," बॉबीनची आई म्हणाली, "साक्षीदार म्हणून."